रॅम महागली की प्रोसेसर कंपन्यांचं काय होतं, आणि शेअर घेणाऱ्याने काय बघायचं

प्रश्न असा आहे: मेमरी चिपचे भाव चढले की सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन यांची चांदी होते हे कळतं. पण इंटेल, एएमडी, एनव्हिडिया, क्वालकॉम यांचं काय? ते तर मेमरी बनवतच नाहीत. मग त्यांचे शेअर कधी सोबत चढतात आणि कधी उलटे का जातात?

आधी उत्तर सांगतो, मग हिशेब. प्रोसेसर कंपनीला मेमरीच्या भावापेक्षा मेमरी न मिळण्याचा फटका मोठा बसतो. तो कितपत बसेल हे मेमरीचं बिल कोणाच्या नावावर फाटतं यावर ठरतं. बिल स्वतःच्या नावावर असेल तर मार्जिन, म्हणजे विक्रीतला नफ्याचा टक्का, घटतं. बिल गिऱ्हाइकाच्या नावावर असेल तर मार्जिन शाबूत राहतं, पण विकले जाणारे नग घटतात. शेअरबाजार मात्र दोन्ही गोष्टी ‘मेमरी महागली’ याच एका मथळ्याखाली टाकतो, आणि गफलत तिथूनच सुरू होते.

माल का आटतो

डीरॅम, म्हणजे रोजच्या बोलण्यातली रॅम, हा जवळजवळ तीन कंपन्यांचा धंदा आहे. दक्षिण कोरियातल्या दोन आणि अमेरिकेतली मायक्रॉन मिळून बाजाराचा नव्वद टक्क्यांच्या आसपास वाटा सांभाळतात. त्यांच्या मागून चीनची सीएक्सएमटी येते आहे. पूर्वी खेळाडू बरेच होते. जर्मनीची किमोंडा जानेवारी २००९ मध्ये बुडाली. जपानची एल्पिडा फेब्रुवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि जुलै २०१३ मध्ये मायक्रॉनने ती ताब्यात घेतली. खुद्द इंटेल १९६८ मध्ये मेमरीचाच धंदा करायला निघाली होती. तिची ११०३ ही डीरॅम चिप १९७० ची. जपानी कंपन्यांच्या भावापुढे टिकाव लागेना म्हणून १९८५ मध्ये इंटेलने डीरॅम सोडली. त्यामुळे आज एकाही मोठ्या प्रोसेसर कंपनीच्या हातात मेमरीचा नळ नाही. प्रोसेसर बनवून देणाऱ्या तैवानच्या टीएसएमसीकडे कितीही पैसे ओतले तरी तिथून डीरॅम निघत नाही. डीरॅमच्या पेशीतला कपॅसिटर बनवायची प्रक्रियाच वेगळी आहे.

वेफर (ज्यावर चिपा कोरतात ती सिलिकॉनची चकती) फॅबमध्ये, म्हणजे चिपच्या कारखान्यात, शिरल्यापासून तपासलेली चिप बाहेर पडेपर्यंत साधारण तीन-चार महिने जातात. नवी इमारत, क्लीनरूम (धूळमुक्त दालन) आणि यंत्रं उभी करायची तर दोन ते तीन वर्षं लागतात. मायक्रॉनच्या आयडाहोतल्या नव्या फॅबमधून पहिले वेफर निघायला २०२७ उजाडणार आहे. म्हणजे आज मागणी वाढली तर ती आहे त्याच क्लीनरूममधून भागवायची. गोष्ट लासलगावच्या कांद्यासारखीच आहे: भाव चढला की सगळे लावतात आणि सगळ्यांचा माल एकदम येतो. फरक एवढाच की कांदा चार महिन्यांत येतो आणि इथे लावणारे तीनच आहेत. मागच्या वेळी हात पोळलेले असल्यामुळे ते लावायला बिचकतात, हेही खरं.

पोळलं किती होतं? २०२३ या वर्षात एसके हायनिक्सचा चालू (कामकाजातला) तोटा ७.७३ लाख कोटी वॉन होता. मायक्रॉनचा निव्वळ तोटा त्या आर्थिक वर्षात ५.८३ अब्ज डॉलर होता, तोही अवघ्या १५.५४ अब्ज डॉलरच्या विक्रीवर. पुढच्याच वर्षी, २०२४ मध्ये, हायनिक्सने २३.४७ लाख कोटी वॉनचा चालू नफा दाखवला. इतके हेलकावे सिमेंट-पोलादातही क्वचित दिसतात.

या चक्रात नवीन पाचर बसली ती एचबीएमची. एआयच्या प्रोसेसरला खेटून बसवतात ती ही थरांची मेमरी. डीरॅमच्या चिपा एकावर एक रचायच्या आणि त्यांना आरपार भोकं पाडून तांब्याने जोडायचं. भोकांसाठी जागा जाते, म्हणून चिप मोठी होते. शिवाय थर रचताना एक जरी बिघडला तरी सगळी चळत वाया जाते. प्रत्येक थर ९९ टक्के वेळा नीट बसतो असं धरलं तरी १२ थरांची चळत नीट निघण्याची शक्यता सुमारे ८९ टक्के असते. थराचं यश ९८ टक्क्यांवर आलं की तीच शक्यता ७८ वर घसरते. मायक्रॉनने स्वतः सांगितलेलं प्रमाण असं आहे की तेवढेच बिट, म्हणजे तेवढीच साठवण, काढायला एचबीएम३ई या पिढीला डीडीआर५ च्या, म्हणजे संगणकातल्या नेहमीच्या रॅमच्या, सुमारे तिप्पट वेफर लागतात.

यातला साधा हिशेब करून बघा. कारखान्यात १०० वेफर आहेत आणि सगळ्यांवर साधी डीडीआर५ निघते आहे. त्यातले १० एचबीएमकडे वळवले. डीडीआर५ दहा टक्क्यांनी घटली, पण एचबीएमचे बिट वाढले फक्त ३.३ एवढेच. म्हणजे कारखान्यातून निघणारी एकूण मेमरी ६.७ टक्क्यांनी आक्रसली, तेही एकही फॅब बंद न पडता. डीरॅममध्ये दोन-तीन टक्क्यांच्या तुटवड्याने भाव उसळतात, कारण संगणक बनवणाऱ्याला रॅमशिवाय एकही नग पाठवता येत नाही.

२०२५ च्या शेवटच्या महिन्यांत हेच घडलं. सॅमसंगच्या ३२ जीबी डीडीआर५ मॉड्यूलचा काँट्रॅक्ट (मोठ्या खरेदीदारांशी करारात ठरलेला) भाव सप्टेंबरमध्ये १४९ डॉलर होता, तो नोव्हेंबरमध्ये २३९ डॉलर झाल्याचं रॉयटर्सने दिलं. डिसेंबरच्या सुरुवातीला मायक्रॉनने क्रुशियल या नावाने चालणारा किरकोळ ग्राहकांचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं, मोठ्या गिऱ्हाइकांना माल पुरवता यावा म्हणून. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर रॅमच्या स्टिकचा भाव विचारायला गेलेल्यांना जे दिसलं त्याचं मूळ हे होतं. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या १६ जीबी बोर्डाची किंमतही त्याच महिन्यात १२० वरून १४५ डॉलर झाली. प्रोसेसर तोच, बोर्ड तोच. बदललेली फक्त मेमरी.

बिल कोणाचं

आता प्रोसेसर कंपन्यांकडे वळू. मेमरी स्वतः विकत घेऊन आपल्या मालात बसवणाऱ्या कंपन्या एका बाजूला: एनव्हिडिया आणि एएमडी, त्यांच्या एआय चिपांसाठी. मेमरी गिऱ्हाइकाने घ्यायची असा धंदा असलेल्या दुसऱ्या बाजूला: लॅपटॉपसाठी इंटेल आणि एएमडी, फोनसाठी क्वालकॉम आणि मीडियाटेक.

बिल अंगावर घेतलं की काय होतं याचा नमुना इंटेलच्याच घरात आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या ल्युनर लेक प्रोसेसरमध्ये १६ किंवा ३२ जीबी रॅम प्रोसेसरच्या पॅकेजवरच बसवलेली होती. तांत्रिकदृष्ट्या ते चांगलंच होतं: वीज कमी लागते, बोर्ड लहान होतो. पण इंटेलला ती रॅम विकत घेऊन जवळजवळ त्याच भावात पुढे विकावी लागली. समजा प्रोसेसर ३०० डॉलरला विकला आणि खर्च १५० आला, तर मार्जिन ५० टक्के. त्यात ८० डॉलरची रॅम घालून ३८० ला विकला तर नफा तेवढाच, १५० डॉलर, पण मार्जिन ३९.५ टक्क्यांवर आलं. रॅम १४० झाली आणि ती वाढ गिऱ्हाइकाकडून वसूल झाली तर ३४ टक्के. वसूल नाही झाली तर नफा ९० डॉलर आणि मार्जिन २४ टक्क्यांच्या खाली. हे आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत, पण दिशा खरी आहे. ऑक्टोबर २०२४ अखेरच्या निकालांच्या वेळी इंटेलचे तेव्हाचे प्रमुख पॅट गेल्सिंगर यांनी सांगूनच टाकलं की पुढच्या पिढ्यांत रॅम पुन्हा पॅकेजबाहेर जाईल.

एनव्हिडियाची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे विक्रीची किंमत फार वर आहे. पुन्हा समजुतीचे आकडे: चिप ३०,००० डॉलरला विकली, खर्च ८,०००, मार्जिन ७३ टक्के. एचबीएम हजार डॉलरने महागली तर मार्जिन ७० वर येतं. बोचेल, पण मोडणार नाही. तीच हजाराची वाढ २०,००० ला विकल्या जाणाऱ्या आणि १०,००० खर्चाच्या चिपवर आली तर ५० चे ४५ होतात. म्हणून एकाच भाववाढीचा ओरखडा दोघांना सारखा उठत नाही. त्यातून एएमडीने आपल्या एआय चिपांची ओळखच जास्त मेमरी अशी करून ठेवली आहे: एमआय३००एक्समध्ये १९२ जीबी, एमआय३५५एक्समध्ये २८८ जीबी, म्हणजे ३६ जीबीच्या आठ चळती. विकताना हा मुद्दा वजनदार ठरतो. खरेदीच्या टेबलावर तोच अडचणीचा होतो.

एचबीएमचा भाव वर्षभराच्या कराराने ठरतो, तिमाहीला नाही. मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्येच सांगितलं की २०२६ चा तिचा सगळा एचबीएम माल भाव आणि नगांसकट ठरून गेलेला आहे. याचा अर्थ डीडीआर५ चा स्पॉट (रोजच्या खुल्या बाजारातला) भाव उसळला म्हणून एनव्हिडियाच्या पुढच्या तिमाहीचा खर्च लगेच उसळत नाही. तो उसळतो पुढच्या वर्षीच्या करारात. मेमरीवाला तेव्हा सरळ विचारतो, ‘साधी डीडीआर५ काढून मला वेफरमागे जास्त सुटतात, मग तुमच्यासाठी तिप्पट वेफर का जाळू?’ हा प्रश्न आधीच्या काही वर्षांत आला नव्हता, कारण तेव्हा एचबीएम जास्त नफ्याची होती. त्यामुळे एआय चिपवाल्यांच्या मार्जिनवरचा ताण बातमीनंतर वर्षभराने दिसू शकतो, आणि तोवर लोक विषय विसरलेले असतात.

या कंपन्या माल आधीच कसा अडकवून ठेवतात हे बघायचं असेल तर तिमाही अहवालातला खरेदीच्या बांधिलकीचा आकडा काढा. ऑक्टोबर २०२५ ला संपलेल्या तिमाहीत एनव्हिडियाच्या साठा, पुरवठा आणि क्षमतेच्या मिळून बांधिलक्या ५०.३ अब्ज डॉलर होत्या आणि गोदामातला साठा १९.८ अब्ज. त्यात मेमरी किती हे वेगळं दिलेलं नसतं. तेजीत हा आकडा म्हणजे तटबंदी. मागणी पडली की त्याच बांधिलक्या गळ्यातलं लोढणं होतात, कारण माल उचलावा तरी लागतो किंवा भरपाई तरी द्यावी लागते.

बिल गिऱ्हाइकाचं, पण नग कोणाचे?

लॅपटॉप बनवणाऱ्याची मिळकत पाच-सहा टक्क्यांची. ६०० डॉलरच्या मालावर ३०-३५ डॉलर सुटले तर नशीब. १६ जीबी रॅमचा त्याचा खर्च ५० वरून १०० डॉलर झाला की त्याचा सगळा नफा गेला आणि वर खिशातून १५ डॉलर. एसएसडीतली नँड (फाइली साठवणारी मेमरी) महागली तर तेही वेगळं. मग त्याच्याकडे तीन वाटा राहतात. किंमत वाढवणं, १६ च्या जागी ८ जीबी देणं, किंवा दुसऱ्या कशावर तरी पैसे वाचवणं. ‘दुसरं काहीतरी’ म्हणजे बहुतेक वेळा प्रोसेसर, कारण रॅमखालोखाल तोच महाग. वरच्या सातच्या मालिकेऐवजी खालची पाचची मालिका घेतली की ४०-५० डॉलर वाचतात. इंटेलने रॅम विकली नाही, तिचा भाव वाढवला नाही, तरी रॅमच्या वाढीचे पैसे शेवटी तिच्याच मालातून वळते झाले. प्रोसेसर कंपनीच्या निकालात हे ‘सरासरी विक्रीकिंमत घटली’ किंवा ‘मिक्स (स्वस्त-महाग मालाचं प्रमाण) बिघडला’ अशा शब्दांत येतं. मेमरी हा शब्द तिथे असेलच असं नाही.

घरी संगणक जुळवणाऱ्यांच्या बाजारात आणखी एक गंमत असते. एएमडीचा एएम५ सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसरची बैठक) आणि इंटेलचा अ‍ॅरो लेक फक्त डीडीआर५ घेतात. जुना एएम४ डीडीआर४ वर चालतो. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीच्या बोर्डांत दोन्ही प्रकार मिळतात. डीडीआर५ महागली की माणूस जुन्या सॉकेटला चिकटून राहतो आणि नव्या प्रोसेसरची खरेदी लांबते. २०२५ मध्ये मात्र तीही पळवाट बुजली. मेमरीवाल्यांनी डीडीआर४ बंद करायच्या नोटिसा दिल्या, साठेबाजी सुरू झाली आणि वर्षाच्या मध्यावर डीडीआर४ चा स्पॉट भाव डीडीआर५ च्याही वर गेला. जुना माल स्वस्त पडेल हा अंदाज तो माल बंद होण्याच्या काळात चालत नाही.

फोनमध्ये फटका सगळ्यात उघड दिसतो. फेब्रुवारी २०२६ मध्ये क्वालकॉमने १२ अब्ज डॉलरहून जास्त, म्हणजे विक्रमी उत्पन्न जाहीर केलं आणि त्याच दमात पुढच्या तिमाहीचा अंदाज १०.२ ते ११ अब्ज दिला. कारणही कंपनीनेच दिलं: मेमरी मिळत नाही म्हणून फोन कंपन्या आपलं उत्पादन आखडतं घेत आहेत. शेअर पडला. लोकांनी फोन नको म्हटलं नव्हतं, क्वालकॉमच्या चिपेत खोटही नव्हती. शेजारचा सुटा भाग मिळेना. अशा वेळी कंपन्या हातात आहे ती मेमरी आधी महागड्या फोनला देतात, कारण तिथे भाववाढ पचते. स्वस्त फोनची मॉडेल्स गळतात. त्यामुळे ज्याची कमाई खालच्या वर्गाच्या फोनवर उभी आहे त्या चिप कंपनीला झळ जास्त लागते.

आणि फोनची मेमरी पळवतो कोण? एनव्हिडियाच्या जीबी२०० एनव्हीएल७२ या सर्व्हरच्या एका कपाटात ३६ ग्रेस प्रोसेसर असतात आणि प्रत्येकाला ४८० जीबीपर्यंत एलपीडीडीआर५एक्स लागते. ही फोनमध्ये असते त्याच जातीची मेमरी. गुणाकार केला तर १७,२८० जीबी होतात, म्हणजे १२ जीबीच्या १,४४० फोनांची मेमरी एका कपाटात जाऊन बसली. एचबीएमचे १३ टीबी वेगळेच.

सर्व्हरमध्ये भावाचा त्रास कमी आणि नगांचा जास्त. एएमडीच्या सध्याच्या मोठ्या एपिक प्रोसेसरला मेमरीच्या १२ वाहिन्या असतात. दोन सॉकेटच्या सर्व्हरमध्ये २४ मॉड्यूल लागतात. ६४ जीबीची घेतली तर दीड टीबी. वर दिलेल्या सॅमसंगच्या भावाने जीबीमागे ४.६६ डॉलर धरले तर ७,१५० डॉलर होतात, ७.४७ धरले तर ११,४७०. क्लाउडवाला हे सव्वाचार हजार मोजतो, कारण मेमरीशिवाय कोअर (प्रोसेसरमधली गणनेची एककं) भाड्याने देता येत नाही. तो अडतो कुठे, तर २४ पैकी १६ च मॉड्यूल मिळाली की. प्रत्येक प्रोसेसरच्या १२ वाहिन्यांपैकी आठच भरल्या तर मेमरीचा वेग एक तृतीयांशाने पडतो आणि महागडे कोअर वाट बघत बसतात. जाणकार खरेदीदार अशा वेळी वाहिन्या रिकाम्या ठेवत नाही; ६४ च्या जागी ३२ किंवा ४८ जीबीची २४ मॉड्यूल घेतो. क्षमता कमी होते, वेग राहतो. वेगवेगळ्या कंपन्यांची किंवा वेगवेगळ्या रँकची (चिपांच्या मांडणीची) मॉड्यूल सरमिसळ करून लावणं हा मोह मात्र टाळावा: सगळी सर्वांत हळू मॉड्यूलच्या वेगाने धावतात, आणि चाचणी न झालेली जोडी महिन्याभराने त्रुटी देऊ लागली की दोष कोणाचा हे शोधण्यात आठवडे जातात. दुसऱ्या कंपनीचं मॉड्यूल तपासून मंजूर करायलाही महिने लागतात, त्यामुळे ‘सॅमसंगचं नाही तर मायक्रॉनचं घ्या’ हे बोलायला सोपं आहे.

तुटवड्यात आणखी एक रोग पसरतो: दुहेरी बुकिंग. १०० नग हवे असतात, पण ६० च मिळतील या हिशेबाने खरेदीदार तिघांकडे मिळून १८० ची ऑर्डर टाकतो. मेमरीवाल्याला मागणी १८० ची दिसते. प्रोसेसर कंपनीकडेही तो त्याच प्रमाणात प्रोसेसर सांगून ठेवतो, कारण मेमरी आली आणि प्रोसेसर नसला तर पंचाईत. माल सुटू लागला की आधी कागदावरच्या ऑर्डरी विरघळतात आणि मग गोदामं भरलेली असल्याचं कळतं. २०२१ च्या तुटवड्यानंतर २०२२-२३ मध्ये पीसीच्या धंद्यात जे झालं ते हेच. मेमरीचा भाव पडला म्हणून प्रोसेसरची विक्री लगेच वाढेल असं समजणारे इथे फसतात. भाव पडतो तेव्हा बहुधा प्रोसेसरचाही साठा चढलेलाच असतो.

शेअर घेताना

मेमरी शेअरमध्ये पीई गुणोत्तर (शेअरचा भाव भागिले शेअरमागची कमाई) उलटं वाचायचं असतं, हे पुष्कळांना पटत नाही. मायक्रॉनने २०१८ च्या आर्थिक वर्षात ३०.३९ अब्ज डॉलर विक्रीवर शेअरमागे ११.५१ डॉलर कमावले. त्या उन्हाळ्यात शेअर ६० च्या आसपास होता, म्हणजे पीई पाच. स्वस्तच की! डिसेंबरपर्यंत तो ३० च्या घरात होता. पुढच्या वर्षी शेअरमागे कमाई ५.५१ झाली, त्याच्या पुढच्या वर्षी २.३७. पीई पाच दिसत होता कारण बाजाराने ती कमाई टिकणार नाही असं आधीच धरलं होतं. उलट तोट्याच्या तळाशी पीई नसतोच, आणि खरेदीची चांगली वेळ बहुधा तीच असते. पुस्तकी मूल्याच्या (मालमत्तेतून देणी वजा जाता उरतं ते) किती पट भाव आहे हे बघणं जास्त उपयोगी, त्यातही मागच्या दोन-तीन चक्रांशी ताडून. ‘या वेळी एआयमुळे चक्रच संपलं’ हे खरं ठरलं तर हा नियम चुकेल; माझा कल मात्र चक्र लांबलं आहे, संपलेलं नाही, असाच आहे. नव्या फॅब २०२७-२८ मध्ये माल देऊ लागतील तेव्हा ते तपासता येईल.

उत्पन्नाची वाढ दिसली की ती भावाची की बिटांची हे वेगळं करा. दोन्ही अधिक एक करून गुणायचं: बिट ५ टक्के आणि भाव २० टक्के वाढले तर १.०५ गुणिले १.२०, म्हणजे वाढ २६ टक्के. नोव्हेंबर २०२५ ला संपलेल्या तिमाहीत मायक्रॉनचं डीरॅमचं उत्पन्न आधीच्या तिमाहीपेक्षा २० टक्क्यांच्या आसपास वाढलं. ते जवळजवळ सगळं भावाने, बिट किंचितच. भावातून आलेली वाढ सरळ नफ्यात उतरते, आणि उतरताना तशीच सरळ जाते.

साठ्याचे दिवस हा आवडता मापदंड, पण त्यात एक खड्डा आहे. सूत्र असं: साठा भागिले तिमाहीचा विक्रीखर्च, गुणिले ९०. मायक्रॉनचा साठा फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये ८.१ अब्ज डॉलर होता, १५३ दिवसांचा. नोव्हेंबर २०२५ मध्ये ८.२ अब्ज, १२६ दिवसांचा. म्हणजे तळ आणि शिखर यांत फरक फक्त २७ दिवसांचा? नाही. २०२३ च्या त्या तिमाहीत कंपनीने साठ्याची किंमत हिशेबात १.४३ अब्ज डॉलरने उतरवली होती, म्हणजे तेवढा तोटा धरला होता. त्यामुळे साठ्याचा आकडा लहान झाला आणि तीच रक्कम खर्चात पडून भाजक फुगला. ती बाजूला काढली तर दिवस २०० च्या बरेच वर जातात. आणि हा उतरवलेला माल पुढच्या तिमाहींत विकला गेला तेव्हा त्याचा खर्च कमी दिसला, म्हणून मार्जिन प्रत्यक्षापेक्षा बरं वाटलं. सुधारणा झाली असं म्हणण्याआधी टिपांमध्ये या रकमेचा परिणाम किती आहे ते शोधायचं.

भावाचे दोन प्रवाह असतात. मोठे खरेदीदार काँट्रॅक्ट भावाने घेतात, उरलासुरला माल स्पॉटला जातो. स्पॉटचा व्यवहार लहान, पण वारा आधी तिथे फिरतो. काँट्रॅक्ट अजून चढतो आहे आणि स्पॉट त्याच्या खाली घसरला, तर वरच्या भावाचे दिवस मोजायला लागावं. कोरियाचे निर्यातीचे आकडे दर महिन्याच्या १, ११ आणि २१ तारखेला येतात. त्यातली सेमीकंडक्टरची ओळ फुकट मिळणारी सगळ्यात ताजी माहिती आहे. कामाचे दिवस किती होते ते मात्र आधी बघा. चुसोक या कोरियन सणाची किंवा चांद्र नववर्षाची सुट्टी इकडची तिकडे झाली की दहा दिवसांची तुलना निरर्थक होते.

भांडवली खर्चाचे आकडे वाचताना पैसा इमारतीत जातो आहे की यंत्रांत, हे विचारायचं. मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये २०२६ च्या आर्थिक वर्षाचा अंदाज सुमारे २० अब्ज डॉलरवर नेला. इमारतीवरचा पैसा दोन वर्षांनी माल देतो, यंत्रांवरचा वर्षाच्या आत. तिघांनी मिळून यंत्रं मागवायला सुरुवात केली की मेमरी शेअरमधला माझा उत्साह ओसरतो. मोठमोठे मथळेही जपून घ्यावेत: ऑक्टोबर २०२५ मध्ये ओपनएआयने सॅमसंग आणि हायनिक्सकडे महिन्याला ९ लाख वेफरपर्यंतचं उद्दिष्ट ठेवल्याचं जाहीर झालं, पण तो हेतुपत्राचा कागद होता, पैसे भरलेली ऑर्डर नव्हे.

प्रोसेसर कंपनीचा निकाल हातात आला की मी आधी सरासरी विक्रीकिंमत आणि नग वेगळे दिले आहेत का ते बघतो, मग खरेदीच्या बांधिलक्या, मग स्वस्त आणि महाग मालाचं प्रमाण. मेमरीच्या तेजीत सगळ्यांत सुरक्षित तो, ज्याची विक्रीकिंमत मेमरीच्या कित्येक पट आहे आणि ज्याचे करार आधी झाले आहेत. सगळ्यांत उघड्यावर तो, ज्याचा माल स्वस्त फोन किंवा स्वस्त लॅपटॉपात जातो. मेमरी शेअर आणि स्वस्त फोनच्या चिपवाल्याचा शेअर दोन्ही घेऊन ‘सेमीकंडक्टरमध्ये आहे’ म्हणणाऱ्याच्या पोर्टफोलिओत दोन पाय विरुद्ध दिशांना चाललेले असतात. काहींना तेच हवं असतं, तर हरकत नाही. माहीत असलं म्हणजे झालं.

भारतातून हे करायचं तर देशात मेमरी चिप बनवणारी एकही सूचीबद्ध कंपनी नाही. जून २०२३ मध्ये जाहीर झालेला मायक्रॉनचा गुजरातमधल्या साणंदचा प्रकल्प जोडणी आणि चाचणीचा आहे, वेफरचा नाही, आणि त्याचा नफा अमेरिकी शेअरमध्येच जातो. अमेरिकी शेअर रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेतून (एलआरएस) घेता येतात, माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत. दहा लाख रुपयांच्या वर पाठवलेल्या रकमेवर २० टक्के टीसीएस (उगमापाशीच गोळा होणारा कर) कापला जातो. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. कोरियातले शेअर थेट घेणं किचकट, म्हणून लोक अमेरिकेत सूचीबद्ध कोरिया ईटीएफ (शेअरसारखे विकले जाणारे फंड) घेतात, ज्यात सॅमसंग आणि हायनिक्सचं वजन मोठं असतं. विवरणपत्रातली परदेशी मालमत्तेची अनुसूची एक शेअर असला तरी भरावी लागते. आणि अमेरिकी शेअर ६०,००० डॉलरच्या पुढे गेले की मालकाच्या पश्चात तिथला वारसाकर लागू होतो, तेव्हा मोठी रक्कम एकाच नावावर ठेवण्याआधी सनदी लेखापालाला विचारून घ्या.